शेत पड ठेवलं तर जमीन जाते का?

गोरेगावहून एका वाचकाने विचारलंय: सिन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे, चुलत्यांशी वाटप कधीच झालंय, वडील गेल्यावर सातबारावर आई, मी आणि ठाण्याला दिलेली बहीण अशी तीन नावं लागली. शेतात विहीर आहे. गावातल्या काही शेतकऱ्यांनी पाणी समिती केलीय, ज्यांना जमेल त्यांनी तीन वर्षं शेत पड ठेवायचं, पंप बंद ठेवायचा आणि तशी समितीकडे नोंदणी करायची म्हणजे भूजल सावरेल असं ते म्हणतात. मला पटलंय. पण चुलते म्हणतात दोन वर्षं पड राहिली की सरकार जमीन घेतं, त्यापेक्षा मला अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, कसायला दे, घरातल्या घरात कागद कशाला. समितीचा फॉर्म सोबत पाठवलाय, सही करू का?

दादा, पाणी वाचवायला हो म्हणा, पण हा फॉर्म आहे असाच सही करू नका. आणि चुलत्यांना अर्धेलीने तर अजिबात देऊ नका. खरा धोका तिथेच आहे.

चुलते सांगतात ते सगळंच खोटं नाही. कुळवहिवाट कायदा १९४८ चा, नाशिकला तोच लागू आहे, त्याच्या कलम ६५ मध्ये म्हटलंय की लागोपाठ दोन वर्षं जमीन कसली नाही आणि न कसण्याचं कारण धारकाच्या हातातलं होतं, तर सरकार चौकशी करून त्या जमिनीचं व्यवस्थापन हातात घेऊ शकतं. व्यवस्थापन, मालकी नाही. आणि चौकशीशिवाय नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसांना या कलमाची भीती घालून कितीतरी जमिनी भावकीत कसायला घेतल्या जातात, म्हणून एवढं सविस्तर सांगतोय. नुसती पड राहिली म्हणून सातबारावरचं तुमचं नाव उडत नाही.

तरी हे कलम आपल्या वाटेत येऊच नये अशी सोय करता येते, आणि पाण्याच्या हिशोबालाही ती जास्त शहाणपणाची आहे. विहिरीचा खरा उपसा होतो रब्बीत आणि त्याहून जास्त उन्हाळ्यात, उन्हाळ कांदा नाहीतर फळबाग जगवायला. खरिपात बाजरी, हुलगा, मटकी पावसावर येते, पंप लावावा लागत नाही. मग खरीप पेरा, निदान ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत टाकून जमिनीत गाडा, आणि दिवाळीनंतर पंप बंद. जमीन वर्षभर रिकामी राहिली असं कोणी म्हणू शकणार नाही, दोन वर्षांची मोजणी सुरूच होत नाही, आणि समितीला जे पाणी वाचवायचंय ते वाचतंच. समितीला हा पर्याय सांगून बघा, 'पूर्ण पड' ऐवजी 'रब्बी-उन्हाळी उपसा बंद' असं लिहून घ्या. गावातले बाकीचेही मग सहज तयार होतील, कारण वर्षभर शेत रिकामं ठेवणं ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला परवडत नाही.

आता पेरायचं कोणी, तुम्ही तर गोरेगावला. इथेच अर्धेलीचा मोह होतो. त्याच कायद्याचं कलम ४ बघा, दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या जो कसतो तो कूळ समजला जातो, अपवाद मालकाच्या कुटुंबातला माणूस आणि मजुरीवर राबणारा. मजुरी रोख असो की धान्यात, पण पिकातला हिस्सा नसावा असं कायदा स्पष्ट म्हणतो. वाटप झालेले चुलते तुमच्या कुटुंबात धरले जात नाहीत. १ एप्रिल १९५७ नंतर झालेल्या कुळालाही कलम ३२-ओ खाली जमीन विकत मागायचा हक्क सांगता येतो. उद्या वाद झाला तर तो माणूस कूळ आहे की नाही हे ठरवतो तहसीलदार, दिवाणी कोर्ट नाही, आणि तोपर्यंत गावातले पाच साक्षीदार चुलत्यांच्या बाजूने उभे राहिलेले असतात. चुलते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण आज चुलते आहेत, उद्या त्यांची मुलं असतील, आणि तोंडी ठरलेल्या गोष्टी पुढच्या पिढीला कोणाला आठवत नाहीत. तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला आणि मजुरांना ठरलेले पैसे द्या, यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, पेरणीला आणि काढणीला तुम्ही किंवा आई स्वतः जा. चुलत्यांना देखरेख करायचीच असेल तर रोख मोबदला ठरवून पावती घ्या.

फॉर्मकडे येतो. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, "सदर जमीन तीन वर्षांकरिता समितीच्या ताब्यात देत असून विहिरीवरील हक्क सोडत आहे." हे वाक्य पूर्ण काढायला लावा. पाण्यासाठी ताबा द्यायची काहीएक गरज नाही. हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो, त्यामुळे पाचशेच्या स्टॅम्पवरच्या या कागदाने हक्क जाणार नाही. पण 'ताबा दिला' हे तुमच्या सहीचं वाक्य उद्या कोणीतरी तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढे करेल. त्याऐवजी एवढंच लिहा की अमुक गट नंबरातल्या विहिरीतून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शेतीसाठी उपसा करणार नाही, पिण्याला आणि जनावरांना सोडून, जमिनीचा आणि विहिरीचा ताबा, वहिवाट, मालकी आमच्याकडेच राहील, आणि लेखी कळवून केव्हाही यातून बाहेर पडता येईल. तिघांच्या सह्या हव्यात, बहिणीचीसुद्धा. ती नंतर करेल असं ठेवू नका. मुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका.

समितीने तुम्हाला सांगितलंय की वाचवलेलं पाणी तुमच्या नावावर जमा राहील, कॅलिफोर्नियात तसं होतं. तिथे २०१४ च्या भूजल कायद्यात स्थानिक भूजल संस्थांना स्वेच्छेने शेत पड ठेवण्याचा कार्यक्रम राबवायचा अधिकार चक्क लिहून दिलाय, उपशावर मर्यादा घालायचा आणि फी लावायचाही, आणि सगळ्यात जास्त उपसा झालेल्या खोऱ्यांना २०४० पर्यंत तोल साधायला सांगितलंय. त्या चौकटीत पड जमिनीच्या नोंदणीला वजन येतं. आपल्याकडे महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ आहे, अंमलात आला २०१४ लाच. त्यात विहिरींची नोंदणी आहे, शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला बंदी आहे, अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समितीने पीक आराखडा करायची तरतूद आहे, पण पड ठेवलेल्या शेताचं पाणी मालकाच्या खात्यावर जमा करायची तरतूद नाही. तुम्ही पंप बंद केलात आणि शेजाऱ्याने नवा बोअर मारला तर तुमचं वाचवलेलं पाणी त्याच्या डाळिंबाला जाईल आणि तुमचा फॉर्म त्याला अडवू शकणार नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज मोफत झालीय, त्यामुळे पंप चालू ठेवताना खिशालाही काही जाणवत नाही.

म्हणून एकट्याच्या फॉर्मपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला मी जास्त किंमत देतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं, गावाने मिळून शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको असं ठरवलं आणि दरवर्षी पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. सही करण्याआधी समितीला म्हणा की आसपासच्या विहिरीवाल्यांची नावं असलेला ठराव आधी ग्रामसभेत करून घ्या. त्या ठरावाची प्रत तुमच्या फाईलला राहू द्या, कलम ६५ ची नोटीस कधी आलीच तर उपसा का थांबवला हे त्यावरून दाखवता येईल.

शेवटचं काम मोबाईलवरचं. शेतात काय आहे ते सातबारावर लावणाऱ्या सरकारच्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये दर हंगामाला नोंद करा, शेतात उभं राहून फोटो काढूनच, कारण लोकेशन घेतलं जातं. रब्बीला 'चालू पड' निवडा, 'कायम पड' नाही, दोन्ही पर्याय एकाच ठिकाणी आहेत आणि घाईत चुकतं. चुकलं तर ४८ तासांत दुरुस्त करता येतं. ही नोंद दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवरून करून घेऊ नका. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, तो दर हंगामाला काढून ठेवा, आणि 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या गटाचा फेरफार, म्हणजे सातबारावरची नोंद बदलायचा अर्ज, कोणी टाकलाय का हे बघत राहा, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात.

समिती फॉर्म बदलायला तयार नसेल तर सही करू नका. पंप बंद ठेवायला सही लागत नाही, तो तुम्ही तसाही ठेवू शकता.