पात्रं कामाला जातात का, एवढंच मी बघते

समीक्षकांचं राहू द्या, साध्या प्रेक्षकाला कुठले सिनेमे आणि मालिका आवडल्या, कुठल्या डोक्यात गेल्या आणि का, असं तुम्ही विचारलंय. मग मला बोलायला हरकत नाही. कॅमेऱ्याचा कोन, प्रकाशयोजना यातलं मला ओ की ठो कळत नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता बघणारी मी. घडी हातात तशीच राहिली तर सिनेमा चांगला, सगळा ढीग संपला तर बेताचा.

पण आवडलेल्या आणि नावडलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक खूण सापडते. पडद्यावरची माणसं पोटापाण्यासाठी काय करतात आणि ते करताना ती मला दिसतात का? दिसत असतील तर मी कितीही संथ सिनेमा बघते. नसतील तर हिरोने बर्फात उभं राहून कितीही हात पसरले तरी माझं मन रमत नाही.

आता रोजच्या मालिका घ्या. नाव कुठलीच घेत नाही, कारण या बाबतीत सगळ्या सारख्याच. घरात दहा-बारा माणसं, कोट्यवधींचा व्यवसाय, आणि मंगळवारी सकाळी अकरा वाजता सगळे दिवाणखान्यात उभे. बसत तर कोणीच नाही. कंपनी नक्की काय बनवते हे दोन वर्षांत कळत नाही, फक्त ‘डील’ होतं किंवा हातचं जातं. आणि ती फाइल! सगळी इस्टेट कोणाच्या तरी नावावर करून देणारे कागद त्या फाइलमध्ये असतात आणि एवढा मुरलेला उद्योगपती ते न वाचता, फोनवर बोलता बोलता सही करतो. मी नोकरी करते. साध्या रजेच्या अर्जावरची सही मिळवायला काय करावं लागतं ते मला विचारा. मालिकेतल्या डॉक्टरांचंही तेच. मॉनिटरवरची रेष सपाट झाली की ते छातीला शॉक देतात आणि पेशंट उठून बसतो. खरं तर सपाट रेषेवर शॉक देतच नाहीत. तिथे छाती दाबत राहायची असते आणि औषध द्यायचं असतं. शॉक असतो तो हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत असतात तेव्हा. इतकी साधी गोष्ट कोणाला तरी विचारून घ्यायला काय हरकत आहे?

याच्या उलट टोकाला ‘अपोलो १३’. १९९५चा सिनेमा, १९७०च्या खऱ्या मोहिमेवरचा. यानात स्फोट होतो, तिघे अंतराळवीर चांद्रयानाच्या छोट्या भागात आसरा घेतात आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तिथे साठायला लागतो. तो शोषणारे जास्तीचे डबे यानाच्या दुसऱ्या भागात आहेत, पण ते चौकोनी आणि इथली जागा गोल. इकडे जमिनीवर एक इंजिनिअर टेबलावर खोका उपडा करतो. नळ्या, पिशव्या, चिकटपट्टी, कसल्या कसल्या वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं. यानात जे आहे तेवढंच, आणि यातून चौकोनी गोलात बसवायचं. ना भाषण, ना पाठीमागे फडकणारा झेंडा. शर्टाच्या बाह्या दुमडलेली माणसं टेबलाभोवती गोळा होतात, एवढंच. तिघे सुखरूप परत आले हे जगाला माहीत आहे, तरी तो प्रसंग लागला की माझ्या हातातली घडी तशीच राहते.

आपल्याकडे ‘मिशन मंगल’ आला तेव्हा म्हणूनच मी फार आशेने बसले होते. मंगळयानाची खरी गोष्टच इतकी जबरदस्त, की वर मीठमसाला लावायची गरज नव्हती. पण विद्या बालन गॅस बंद करून उरलेल्या उष्णतेवर पुऱ्या तळते आणि तिथून इंधन वाचवायची कल्पना निघते. सुरुवातीला कौतुक वाटलं, स्वयंपाकघरातली अक्कल प्रयोगशाळेत गेली म्हणून. नंतर खटकलं. कल्पना सुचली की काम झालंच, असा सगळा मामला. पुरीपासून मंगळापर्यंतची आकडेमोड, फसलेल्या चाचण्या, रात्रीची जागरणं दाखवायला हवी होती ती गाणी आणि घरगुती भांडणांत वाहून गेली. त्या शास्त्रज्ञ बायकांनी केलेलं कष्टाचं काम एका सुचण्यावर उरकलं.

‘चेर्नोबिल’ ही २०१९ची पाच भागांची मालिका मी दोनदा बघितली. दुसऱ्यांदा बघायला धीर लागला. अणुभट्टी फुटते, छपरावर ग्रॅफाइटचे तुकडे पडतात आणि ते खाली ढकलायला पाठवलेली यंत्रंही किरणोत्सर्गापुढे बंद पडतात. मग माणसं पाठवतात, प्रत्येकाला नव्वद सेकंद. तो प्रसंग साधारण तेवढाच चालतो, मध्ये न तोडता. फावडं, धापा, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची कडकड. एकाचा पाय अडकतो, बूट फाटतो, घंटा होते, तो परत आत येतो. बाहेरचा माणूस त्याच्या बुटाकडे बघतो आणि सांगतो, तुझं झालं. बस. कोणी रडत नाही. शेवटच्या भागात भट्टी का फुटली हे लेगासोव्ह हा शास्त्रज्ञ लाल-निळ्या पाट्या लावत कोर्टाला समजावतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला डुलक्या काढणाऱ्या मलाही ते कळलं. त्यातली उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ बाई मात्र खरी नाही, मदतीला असलेल्या अनेक शास्त्रज्ञांना मिळून ते एक पात्र केलंय. हे शेवटी पडद्यावर सांगतातही. असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो.

‘स्पॉटलाइट’ही त्याच जातीचा. बोस्टनच्या वर्तमानपत्रातले पत्रकार चर्चमधल्या बालशोषणाचा छडा लावतात. सिनेमाला ऑस्कर मिळालं, पण मला आवडला तो त्यातला एक कंटाळवाणा भाग. जुन्या डिरेक्टऱ्या उघडून, ओळीवर पट्टी ठेवून, कोणता पाद्री कोणत्या वर्षी ‘आजारी रजेवर’ दाखवलाय ते एकेक नाव उतरवत बसणं. सगळं रहस्य त्या कारकुनीतून उलगडतं. पाठलाग नाही, पिस्तूल नाही. शेअर दलाल हर्षद मेहतावरच्या ‘स्कॅम १९९२’ या मालिकेतही लोकांच्या तोंडी बसले ते टाळ्या घेणारे संवाद. मी बसून राहिले ती बँकांचे सरकारी रोख्यांचे व्यवहार, त्यांच्या पावत्या आणि मधल्या मधे शेअर बाजारात फिरून येणारा पैसा समजून घ्यायला.

मराठीत या बाबतीत ‘कोर्ट’ला तोड नाही. २०१४चा, चैतन्य ताम्हाणेचा. बघताना माझ्या घरातला एक जण झोपला आणि उठल्यावर म्हणाला, यात घडलं काय? तेच तर आहे ना! खटला चाललाय एका शाहिरावर, आणि बहुतेक वेळ जातो तारखा पडण्यात. न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं स्वतःच्या शब्दांत टाइपिस्टला सांगतात आणि माणसाचं जिवंत बोलणं कागदावर भलतंच होऊन उतरतं. एका बाईचं प्रकरण पुढे ढकललं जातं, का तर तिने बिनबाह्यांचा कपडा घातलाय. गीतांजली कुलकर्णीने केलेली सरकारी वकील मला विसरता येत नाही. कोर्टात ती त्या म्हाताऱ्याला वीस वर्षं आत टाका म्हणते. संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. दुष्ट वगैरे काही नाही. तिचं काम आहे, ती उरकते. हे मला कुठल्याही खलनायकापेक्षा भयंकर वाटलं.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या सगळ्यात हलकाफुलका. नंदू माधव यांचे दादासाहेब फाळके एवढ्या आनंदाने राबतात की कर्ज, डोळ्यांचं दुखणं, विकलेलं सामान यातलं काहीच रडकं होत नाही. रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून दाखवायची, बायको सरस्वतीबाईंना हाताशी घ्यायचं, आणि बायकांच्या भूमिका करायला पुरुष राजी करायचे. घरात चाललेला कारखानाच तो. मुलांना दाखवायचा असेल तर हाच दाखवा.

‘फँड्री’ मुलांना दाखवताना मात्र शेजारी बसा. तिथे काम म्हणजे अपमान. जब्याच्या घराने गावातली डुकरं पकडायची, तीही शाळेसमोर, आवडत्या मुलीच्या देखत. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, त्याच्यापाठोपाठ घरचे थांबतात, डुक्कर निघून जातं. नागराज मंजुळेंनी तिथे एक शब्द खर्च केलेला नाही. शेवटच्या दगडाबद्दल सगळे बोलतात, माझ्या मनात हे थांबणं राहिलंय.

वेबमालिकांत ‘पंचायत’चा पहिला सीझन माझा लाडका. ग्रामपंचायतीच्या सचिवाचं रोजचं काम हाच विषय: कार्यालयाची हरवलेली किल्ली, सौर दिवा कुठे लावायचा, कुटुंबनियोजनाची घोषणा भिंतीवर रंगवल्यावर चिडलेलं गाव, ऑफिसच्या चाकं लावलेल्या नव्या खुर्चीवरून रुसवेफुगवे. एवढ्याशा गोष्टींवर अख्खा भाग पेलायचा म्हणजे लिहिणाऱ्याची कमाल. पुढे निवडणूक, हाणामारी, गोळीबार येत गेलं आणि सचिवजींचं टेबल मागे पडलं. रघुवीर यादव आणि नीना गुप्ता आहेत म्हणून बघते, नाहीतर कधीच सोडली असती.

‘द बेअर’चंही थोडंफार तेच. शिकागोमधल्या एका सँडविचच्या दुकानाची गोष्ट. पहिल्या सीझनमध्ये सगळे ओरडत असतात, भाजतात, कापतात, एकमेकांवर आदळतात, आणि आपल्यालाच घाम फुटतो. दुसऱ्या सीझनमधला एक भाग मी हातातलं सगळं बाजूला ठेवून बघितला. रिची नावाचा तोंडाळ, चाळिशी ओलांडलेला, कशातच धड न जमलेला माणूस. त्याला एका बड्या रेस्टॉरंटमध्ये शिकायला पाठवतात आणि तिथे काम काय, तर काटे पुसायचे. दिवसभर काटे. एक डाग दिसला की परत. पहिल्या दिवशी तो वैतागतो, आपल्याला शिक्षा म्हणून धाडलंय असं त्याला वाटतं. मग हळूहळू त्याला दिसतं, की समोरच्या माणसाला आपण महत्त्वाचे आहोत असं वाटावं म्हणून हे चाललंय. चौथ्या-पाचव्या दिवशी तो सूट घालून यायला लागतो. व्यसनमुक्ती, समुपदेशन, बापाचा मृत्यू असलं काही न आणता माणूस बदललेला मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिलाय. पुढच्या सीझनमध्ये मात्र सगळे एकमेकांकडे ओल्या डोळ्यांनी बघत बसतात आणि गॅस कोणी पेटवत नाही. तिथे माझ्या घड्या भराभर झाल्या.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं सांगते. ‘बिफोर सनराइज’मध्ये कोणी काहीही काम करत नाही. दोन तरुण व्हिएन्नात रात्रभर भटकतात आणि बोलतात, बास. मला अतिशय आवडला. ‘फ्रेंड्स’ही. तिथे तर चँडलर नोकरी काय करतो हे कोणालाच माहीत नसणं हाच विनोद. पैजेत नेमकं तेच विचारतात, मोनिका आणि रेचलला सांगता येत नाही आणि राहतं घर सोडावं लागतं. माझं दुखणं त्यांना आधीच कळलं होतं म्हणायचं. आणि ‘सीआयडी’! तिथलं पोलिसी काम म्हणजे निव्वळ थट्टा. डॉक्टर साळुंखे परीक्षानळीत काहीतरी ओततात, रंग बदलतो, खुनी सापडतो. मधल्या वेळात दया एखादं दार तोडतो. तरी लागलं की मी बघतेच. लहानपणापासूनची माणसं आहेत ती, त्यांना नियम लावायचे नसतात.

शेवटी राहिला तो ‘द ग्रेट इंडियन किचन’, २०२१चा मल्याळम सिनेमा. हिंदीतही ‘मिसेस’ नावाने झाला, पण मूळच बघा, खाली अक्षरं येतात. नव्या लग्नाची मुलगी आणि स्वयंपाकघर. चिरणं, वाटणं, परतणं, वाढणं, उष्टी काढणं, ओटा पुसणं, उद्या परत. इतकी वर्षं सिनेमात बायका स्वयंपाकघरात उभ्या दिसायच्या, पण पदर खोचून दोन वाक्यं बोलण्यापुरत्या. इथे काम खरंच काम म्हणून दिसतं, तासन् तास. त्यात सिंकचा पाइप गळतोय. नवऱ्याला ती सांगते, प्लंबरला बोलवा. तो हो म्हणतो. परत सांगते, परत हो. खाली बादली, बादलीत घाण पाणी, ते तिनेच उपसायचं. तो मारत नाही, शिव्या देत नाही, फक्त विसरतो. त्या पाण्याचं शेवटी काय होतं ते सांगत नाही. माझ्या घरात मात्र सिनेमा संपल्यावर बराच वेळ कोणी टीव्ही बंद करायला उठलं नाही, आणि मग एक जण न सांगता भांडी घासायला गेला. तेवढ्या एका दिवसापुरता, गैरसमज नको.

यातलं एकच बघायचं असेल तर तोच बघा. फक्त जेवताना लावू नका. घरातल्या पुरुषांनी चघळून ताटाबाहेर टाकलेल्या शेंगांचे चोथे त्यात अगदी जवळून दाखवलेत.