ओपनिंग पाठ करण्याआधी पटावर तीनच सोंगट्या ठेवा

तुम्ही विचारलंय की बुद्धिबळाच्या सोंगट्या कशा चालतात ते माहीत आहे, रोज मोबाइलवर खेळता, तरी पंधरा-वीस चालींत डाव हातचा जातो. तर आता कोणती ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करावी?

सध्या एकही नको. डाव शेवटाकडून शिकायला घ्या.

त्याआधी नियम एकदा तपासून घ्या. आपल्याकडे बरेच जण घरी देशी पद्धतीने शिकलेले असतात. मी आजोबांकडून शिकलो. त्यांच्या डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, किल्लेकोट (कॅसलिंग) नव्हता, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. शाळेच्या स्पर्धेत समोरच्या मुलाने राजा दोन घरं सरकवून हत्ती पलीकडे ठेवला, तेव्हा मी पंचांना बोलावलं. हाच किल्लेकोट, असं त्यांनी बाजूला घेऊन नीट समजावलं, ते अजून आठवतं. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नकोत, मध्ये सोंगटी नको, राजाला शह बसलेला नको, आणि राजा ज्या घरावरून जातो व जिथे थांबतो ती घरं शत्रूच्या माऱ्यात नकोत. हत्तीवर मारा असला तरी चालतं. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

दुसरा नियम स्टेलमेटचा. पाळी तुमची, शह नाही, पण हलवायला एकही कायदेशीर चाल नाही, तर डाव बरोबरीत. समोरच्याकडे वजीर शिल्लक असला तरी बरोबरीच.

आता पट मोकळा करा. पांढरा राजा डी6 वर, पांढरं प्यादं ई6 वर, काळा राजा डी8 वर. एवढंच. (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा, पांढऱ्याच्या बाजूने मोजलेला.)

चाल पांढऱ्याची असेल तर? प्यादं ई7 वर, शह. काळा राजा ई8 वर येऊन प्याद्याची वाट अडवतो. प्यादं वाचवायला पांढरा राजा ई6 वर येतो, आणि काळ्याला हलायला घरच उरत नाही. स्टेलमेट. प्यादं सोडून दिलं तर तेही जातं, म्हणजे पुन्हा बरोबरीच. आता तीच मांडणी, पण चाल काळ्याची. तो ई8 वर गेला तर प्यादं ई7 वर सरकतं. काळ्याला एफ7 वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. मग पांढरा राजा डी7 वर, आणि पुढच्या चालीला प्याद्याचा वजीर. तो ई8 ऐवजी सी8 वर गेला तर प्यादं सरळच वजीर होतं.

सोंगट्या त्याच, घरं तीच, फरक फक्त पाळीचा. दोन राजे मध्ये एक घर ठेवून समोरासमोर उभे राहिले की ज्याला हलावं लागतं तो मागे पडतो. हे एकदा हाताला कळलं की डावाच्या मध्यात ‘वजीर वजिराला देऊन टाकू का?’ या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही, कारण त्यानंतर काय उरेल ते तुम्हाला दिसतं. 1921 ते 1927 विश्वविजेता असलेला क्युबाचा कापाब्लांका याच क्रमाचा आग्रह धरत असे: आधी अंत्यडाव, म्हणजे डावाचा शेवट.

आणि हे फक्त नवशिक्यांसाठी नाही. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. पांढऱ्याने खेळणाऱ्या चीनच्या डिंग लिरेनकडे हत्ती, उंट आणि एक प्यादं. काळ्याने खेळणाऱ्या भारताच्या गुकेशकडे हत्ती, उंट आणि दोन प्यादी. डाव बरोबरीकडे चालला होता. डिंगने 55 व्या चालीला हत्ती एफ2 वर नेला. गुकेशने हत्ती हत्तीला दिला, मग उंट डी5 वर आणून उंटांचीही मारामारी करायला लावली. उरले फक्त राजे आणि प्यादी, आणि तो शेवट काळ्यासाठी सरळ जिंकलेला होता. अठराव्या वर्षी तो विश्वविजेता झाला तो या हिशेबावर.

सुरुवातीच्या चालींबद्दल थोडंच सांगतो. मधली चार घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, लवकर किल्लेकोट करा, वजीर घाईने फिरवू नका. तुमचे काही डाव बहुधा चार चालींत मात होऊन जात असतील: पांढऱ्याचा उंट सी4 वर, वजीर एच5 वर, आणि मग एफ7 वर घाव, कारण सुरुवातीला त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो. पण दोघांची प्यादी ई4, ई5 वर आल्यानंतर दुसऱ्याच चालीला वजीर एच5 वर आला म्हणून लगेच जी6 वर प्यादं सरकवून त्याला हाकलू नका. तो ई5 वरचं प्यादं मारून शह देतो आणि कोपऱ्यातला हत्तीही त्याच्या माऱ्यात येतो. आधी घोडा सी6 वर आणून प्याद्याला जोर द्या. मग उंट सी4 वर आला की जी6.

तीन मिनिटांचे डाव काही महिने बंद ठेवा, ही मात्र कळकळीची विनंती. पंधरा मिनिटांचा एकच खेळा आणि हरलात तर तो पुन्हा पटावर मांडा. लीचेस या संकेतस्थळावर हे सगळं फुकट होतं.

आज रात्रीसाठी एक मांडणी. पांढरा राजा ई6, प्यादं ई5, काळा राजा ई8. इथे पाळी कुणाचीही असो, पांढराच जिंकतो. का, ते संगणकाला न विचारता खऱ्या पटावर, दोन्ही बाजूंनी खेळून शोधा.