डिस्प्ले चालू पण भांडं गार: बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

डिस्प्ले लागतो, टायमर पळतो, पण भांडं गारच, आणि दुरुस्तीवाल्याने मल्टीकुकर न उघडताच बोर्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदलायला सांगितलंय. एवढ्यात हो म्हणू नका.

आधी भांड्यात पाणी घालून स्टार्ट दाबा आणि कान देऊन ऐका. आतून ‘टक्’ आवाज आला तर रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) ओढतोय, म्हणजे बोर्ड हुकूम देतोय. मग संशय थर्मल फ्यूजवर (जास्त तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज), हीटरवर किंवा रिलेच्या आतल्या जळलेल्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या टोकांवर. आवाजच नसेल तर तापमानाचा सेन्सर किंवा बोर्डाचा पुरवठा बघावा लागेल.

आता प्लग काढा, कुकर थंड होऊ द्या, मगच तळ उघडा. बऱ्याच कुकरमध्ये बोर्ड थेट मेन्सला, म्हणजे घरच्या २३० व्होल्ट विजेला जोडलेला असतो, त्यामुळे प्लग लावून आत बोटही घालू नका. हीटर प्लेटजवळ पांढऱ्या काचधाग्याच्या नळीत हा बारीक थर्मल फ्यूज दडलेला असतो. मल्टीमीटरने कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का) बघा, बीप आला नाही तर तो गेला. मग हीटरची एक वायर सोडवून रोध मोजा. २३० व्होल्टवर ७०० वॅटच्या हीटरला साधारण ७५ ओहम, १००० वॅटच्या हीटरला ५३ च्या आसपास. काहीच रीडिंग नसेल तर हीटरमधली कॉइल तुटली.

बऱ्याचदा फ्यूजच गेलेला सापडतो. पण नुसता फ्यूज बदलून कुकरचा तळ परत लावून टाकलात तर तो पुन्हा जाईल, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. तो उगाच उडत नाही, प्लेट प्रमाणाबाहेर तापली म्हणून उडतो. भांड्याचा तळ वाकलाय का? प्लेटवर अन्नाचा कण करपून बसलाय का? मधला स्प्रिंगवरचा सेन्सर दाबल्यावर मोकळा वर येतो का? तो अडकला तर भांड्याला नीट टेकत नाही आणि तापमान चुकीचं कळतं. शेवटी प्लग काढलेलाच ठेवून रिलेच्या कॉन्टॅक्टवर मीटर लावा. तिथे बीप आला तर कॉन्टॅक्ट चिकटलेत, हीटर बंदच होत नव्हता. अशा वेळी फक्त रिले बदलतो, अख्खा बोर्ड नाही.

नवा फ्यूज त्याच तापमानाचा आणि अँपिअरचा घ्या, दोन्ही आकडे त्याच्या अंगावर छापलेले असतात. सोल्डर करू नका, त्या उष्णतेनेच तो उडतो. क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या कड्यात वायर घालून पकडीने दाबा, आणि नळी परत चढवा. फ्यूज काढून वायरी थेट जोडायचा सल्ला कोणी दिला तर साफ नकार द्या, त्याने घराला आग लागू शकते.

‘टक्’ येतो का आणि हीटरचं रीडिंग किती, एवढं कळवा.