डायव्हर साइडची लेन कोणाची?

प्रश्न : काका, नमस्कार. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. परवा त्यानं तिथल्या हायवेवरच्या बोर्डाचा फोटो पाठवला : 'ओव्हरटेक सोडून एरवी उजवीकडे राहा'. आपले ट्रकवाले उजवीकडेच राहतात, तर आपण त्यांना शिव्या देतो. बरोबर कोण? मी आठवड्यातून दोनदा कारनं नागपूरला जातो.
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : भाऊ, बोर्डही बरोबर अन् तुमच्या शिव्याही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, म्हणून संथ गाडीची लेन उजवी. आपल्याकडे तीच डावी, क्लीनर साइडची. डिव्हायडरला लागून असलेली लेन दोन्ही देशांत ओव्हरटेकसाठीच. तिकडे बाणाचाही एक 'कीप राइट' बोर्ड असतो, पण तो डिव्हायडर सुरू होतो तिथं. 'याच्या उजवीकडून जा' एवढंच सांगणारा. आपल्याकडे त्या जागी निळ्या गोलात पांढरा बाण, डावीकडे वळलेला.

आता ट्रकवाल्याची बाजू. मी ३१ वर्षं एसटी चालवली. आपली डावी लेन म्हणजे अर्धी पांदणच राजेहो! राँग साइडनं येणारी मोटरसायकल, पंक्चर ट्रॅक्टर, कडेला वाळत घातलेलं सोयाबीन. डिसेंबरातल्या एका पहाटे धुक्यात कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, एकदम पुढ्यात आली. मागं रेडियम नाही, अन् कापूस धुक्याच्याच रंगाचा. मी आरसा न बघता उजवीकडे दाबली. मागून येणाऱ्या जीपचा आरसा बसच्या पत्र्याला घासत गेला. जीपवाल्यानं उतरून जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. पण चूक माझी होती. बंडी दिसली नाही हे खरं, आरसा तर दिसत होता ना!

समृद्धीवर मात्र ही सबब चालत नाही. तिथं ट्रॅक्टर नाही, दुचाकी नाही, एका बाजूला तीन-तीन लेन. कारला १२०, ट्रकला ८०. तरी डिव्हायडर धरून चालणारे भेटतातच, अन् त्यात कारवालेही काही कमी नाहीत.

तुमच्या जाम-बुटीबोरीच्या रस्त्यावर एका बाजूला दोनच लेन. एक ट्रक ८० नं, दुसरा ८२ नं. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा ६० मीटर जास्त कापायचे तर पावणेदोन मिनिटं लागतात, तेवढ्यात रस्ता संपतो सव्वादोन किलोमीटरच्या वर. मागं तुम्ही डिपर मारत बसा. मारा, पण एकदाच. डावीकडून कट मारू नका. आपला डायव्हर उजवीकडे बसतो, क्लीनर साइडचं त्याला फार कमी दिसतं. तुम्ही तिथं घुसलात अन् त्यानं तेव्हाच डावीकडे घेतली, तर त्याला तुमचा हॉर्नही ऐकू येत नाही.

तुम्ही स्वतः ओव्हरटेक केलं की मागच्या गाडीचे दोन्ही दिवे मधल्या आरशात दिसू द्या, मग इंडिकेटर देऊन डावीकडे या.

अन् पुतण्या दिवाळीला आला, तर पहिल्या दिवशी त्याच्या हाती स्टेअरिंग देऊ नका. गर्दीत तो चुकणार नाही, पुढच्या गाडीमागं जाईल. चुकेल तो गावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. तिथं तुम्ही शेजारी बसा.