सात मात्रांच्या गाण्यात आमचा ड्रमर तालमीत बरोबर वाजवतो, पण स्टुडिओत हेडफोन चढवला की क्लिकवर (कानात वाजणाऱ्या टिकटिक ठोक्यावर) घसरतो. रेकॉर्डिंगला दुसरा ड्रमर घ्यावा की मशिनचे ड्रम टाकावेत?

दोन्ही नको. तुम्हीच लिहिलंय की तालमीत तो बरोबर वाजवतो आणि हेडफोन चढवला की घसरतो. मग आधी हेडफोन तपासा, माणूस नंतर.

मी ड्रमर आहे. गाव तिवसा तालुक्यात, मोझरीजवळ. आमच्याकडे घरोघरी खंजिरी असते, कारण तुकडोजी महाराजांची भजनं. बाबा चाळीस वर्षं भजन मंडळात खंजिरी वाजवतात. सात मात्रा मी ड्रमवर बसायच्या कितीतरी आधी त्यांच्या मांडीवर शिकलो.

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्यावर आमचं गाणं होतं. सात मात्रांचं, सुरुवात संथ आणि शेवटच्या कडव्यात चढत जाणारं. तालीम आमच्या कापसाच्या खोलीत व्हायची. एरवी दिवाळीनंतर ती खोली छतापर्यंत भरलेली असते आणि आवाज आतल्या आत मुरतो. त्या वर्षी अर्धीसुद्धा भरली नव्हती. स्नेअरचा आवाज भिंतीवर आदळून परत यायचा. त्या आवाजानंच गाणं तसं झालं, असं मी आजही मानतो.

जानेवारी 2018 मध्ये पिकअपमध्ये सामान टाकून नागपूरला गेलो. दोन दिवस स्टुडिओ घेतला होता, पैसे चौघांनी काढलेले. पहिल्या दिवशी माझे तेवीस टेक झाले. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात मी मागे पडायचो, ते भरून काढायला धावायचो, की पुढे जायचो. काचेच्या पलीकडून रेकॉर्डिस्ट नुसती मान हलवायचा. संध्याकाळी आमचा गिटारवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्या हाताले क्लिक जमत नाही बे. मशिनचे ड्रम टाकून देऊ." लहानपणापासूनचा दोस्त. मी काही बोललो नाही, काठ्या पिशवीत भरल्या. गाणं मशिनच्या ड्रमवर निघालं आणि खाली ड्रमर म्हणून नाव माझं. गावात लोक 'मस्त वाजवलं' म्हणायचे तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटायचं.

घरी येऊन बाबांना ते क्लिक ऐकवलं. सातातली पहिली मात्रा सगळ्यात मोठ्यानं टीं करत होती. बाबा म्हणाले, "रूपकात, म्हणजे या साताच्या तालात, पहिली मात्रा खाली असते रे बाबू, बिनजोराची. तिच्यावर जोर देला की रूपक मरते." ती ती ना, धी ना, धी ना. जोर चौथ्या आणि सहाव्यावर. माझा किकही (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) तिथंच होता. म्हणजे कानात एक ताल ओरडत होता आणि पाय दुसरा वाजवत होता.

पण खरं कारण दीड वर्षानं कळलं, अमरावतीत दुसऱ्या एका स्टुडिओत. तिथल्या मुलानं बसल्या बसल्या विचारलं, "दादा, तुमचा स्वतःचा ड्रम हेडफोनमध्ये सॉफ्टवेअरमधून येतो की थेट?" नागपूरला तो सॉफ्टवेअरमधून फिरून येत होता आणि बफर, म्हणजे सॉफ्टवेअर आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढे सोडतं तो आकडा, 1024 वर होतं, ते मी स्वतः स्क्रीनवर पाहिलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. 44.1 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पल म्हणजे 23 मिलिसेकंद, जाणं-येणं धरून 45 च्या वर. काठी आत्ता पडते आणि आवाज नंतर ऐकू येतो. अशात चांगला वाजवणाराच जास्त घसरतो, कारण तो कानावर विश्वास ठेवतो.

त्या मुलानं ड्रम थेट ऐकवले, क्लिकच्या जागी बाबांच्या खंजिरीचा आवाज लावला, जोर चौथ्या-सहाव्यावर ठेवला. आणि लय सगळीकडे मिनिटाला 96 ठोके ठेवण्याऐवजी 92 पासून शेवटी 104 पर्यंत चढवत नेली. तिसऱ्या टेकला काम झालं. गिटारवाला अजून म्हणतो की दीड वर्षात माझी प्रॅक्टिस वाढली म्हणून जमलं. वाढली नव्हती. त्या दीड वर्षात मी ड्रमला हात लावला नव्हता.

तर तुमच्या ड्रमरला एका कानावरचा हेडफोन काढून वाजवायला सांगा. लगेच सुधारला तर दोष हाताचा नाही. गाण्यात मध्ये ताल बदलत असेल तर क्लिकही तिथं बदलून घ्या. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं 'मनी' साताचं आहे, पण गिटारचा सोलो येताच चारात जातं. संथ जागी क्लिकचा आवाज कमी करा, नाहीतर हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरतो.

सेशन ड्रमर (पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे) वाईट असतात असं मी म्हणत नाही, त्यांचंही पोट त्यावरच आहे. तुमचा ड्रमर तालमीलाच येत नसेल तर गोष्ट वेगळी. साध्या चार मात्रांच्या गाण्याला नेहमीचं क्लिक पुरतं. पण बदलायचंच ठरलं तर निदान त्याला बाहेर नेऊन एकट्याला सांगा, काचेच्या आत सगळे ऐकत असताना नाही.