वाचकांचे प्रश्न : परदेशी निघालेला डेस्कटॉप

प्रश्न : मुलगी पुढच्या महिन्यात पीआरवर टोरांटोला जाते आहे. तिच्याकडे दोन वर्षं वापरलेला डेस्कटॉप आहे, त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड आणि टॉवर कूलर (प्रोसेसर गार ठेवणारा उंच पंखा) आहे. अख्खा कॉम्प्युटर कुरिअरने पाठवावा की विमानात सोबत न्यावा?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : अख्खा कुठेच नेऊ नका. कॅबिनेट इथेच विका आणि आतले भाग न्या. कॅबिनेट म्हणजे सहा-सात किलोचा पत्रा आणि काच. तसं कॅबिनेट टोरांटोत सहज मिळतं. कुरिअरवाले तर नुसतं वजन पाहत नाहीत, जागाही मोजतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागतात. नीट पॅक केलेला खोका ६०×६०×३५ भरला, तर काट्यावर १४ किलो दिसले तरी बिल २५ किलोंच्या वरचं येतं.

खर्चापेक्षा मोठा धोका धक्क्यांचा आहे. कॅबिनेटची बाजू उघडून ग्राफिक्स कार्डाकडे पाहा. एका टोकाला ते पाठच्या पत्र्याला दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, खालून प्लॅस्टिकच्या स्लॉटमध्ये रुतलेलं असतं आणि दुसरं टोक अधांतरी. दीड-दोन किलोचं हे धूड खोका आपटला की तरफेसारखं काम करतं. स्लॉट मदरबोर्डावरून उचकटतो किंवा कार्डाच्या पाटीलाच लॉकजवळ तडा जातो. किलोभराच्या टॉवर कूलरचंही तेच. बाहेरून खोक्याला ओरखडाही नसतो आणि आत बोर्ड गेलेला असतो.

म्हणून काढायचा क्रम असा ठेवा. काहीही सोडवण्याआधी आतल्या वायरींचे चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः पॉवर बटणाच्या बारीक पिना जिथे बसतात तिथला जवळून. मग कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि वायर काढा. कूलरखालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) गरम असताना मऊ असते, म्हणून ही खटपट. एएमडीचा रायझेन ५००० किंवा त्याआधीचा, एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीत) बसणारा प्रोसेसर असेल तर हे विसरूच नका. त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि पेस्ट सुकलेली असली, तर सॉकेटचा लिव्हर बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. कूलर सरळ वर ओढू नका. किंचित डावीकडे-उजवीकडे फिरवा, सुटल्यासारखा वाटला की उचला. प्रोसेसर मात्र सॉकेटमध्येच राहू द्या, त्याच्यासाठी तीच सगळ्यात सुरक्षित जागा. इंटेलच्या किंवा एएमडीच्या नव्या एएम५ च्या बोर्डावर पिना सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे प्रोसेसर काढलाच तर काळं प्लॅस्टिकचं झाकण पुन्हा लावल्याशिवाय बोर्ड हलवू नका. एक पिन वाकली तरी बोर्ड वाया जातो.

ग्राफिक्स कार्ड काढताना पाठचे स्क्रू, मग पॉवरची केबल, मग स्लॉटच्या टोकाचं लॉक दाबून कार्ड सरळ वर. लॉक न दाबता हिसडा मारला की तेच मोडतं. रॅम जागेवर राहिली तरी चालेल. एसएसडी काढा आणि तिचा बारीक स्क्रू चिकटपट्टीने बोर्डाच्या खोक्याला आतून लावा. हरवला तर नेमक्या मापाचा स्क्रू शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

मदरबोर्ड आणि कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, त्यावर बबल रॅप, मग मूळ खोका. साधा बबल रॅप थेट बोर्डावर गुंडाळू नका, घासल्यावर त्यातून स्थिर विद्युत तयार होते. मूळ खोके टाकून दिले असतील तर नौपाड्यात किंवा लॅमिंग्टन रोडवर असेंब्ली करणाऱ्या दुकानांत विचारा, रिकामे खोके पडलेले असतात.

कार्ड, एसएसडी आणि हार्ड डिस्क केबिन बॅगेत. एक्स-रेने डेटाला काही होत नाही. तपासणीच्या वेळी कार्ड लॅपटॉपसारखं ट्रेमध्ये वेगळं ठेवलं की प्रश्न कमी येतात. मदरबोर्ड, कूलर, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चेक-इन बॅगेच्या मध्यभागी, चहूबाजूंनी कपडे. स्क्रू ड्रायव्हरही चेक-इनमध्येच टाका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कॅनडात घरातला पुरवठा १२० व्होल्टचा असतो. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुटची ओळ वाचा. १००–२४० लिहिलं असेल तर काही करायचं नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या काही स्वस्त एसएमपीएसवर मात्र २००–२४० असतं, ते तिकडे चालणार नाही. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, एसएमपीएसच नवीन घ्या. जुन्या एसएमपीएसला मागे ११५/२३० चा लाल खटका असतो. तो तिकडे ११५ वर करायचा. तोच कॉम्प्युटर पुढे कधी ठाण्यात आणून तसाच लावला तर आतले कपॅसिटर फुटतात, ही खूणगाठ बांधून ठेवा. पॉवर कॉर्ड इथून नेऊ नका. १२० व्होल्टवर तेवढ्याच कामाला जवळपास दुप्पट करंट लागतो, आणि तिथल्या पिनेची जाड कॉर्ड तिथेच स्वस्तात मिळते. कॉम्प्युटरकडचं टोक जगभर सारखंच असतं.

कस्टमसाठी वस्तूंची यादी करा : नाव, मॉडेल, सीरियल नंबर, किंमत. कॅनडात स्थायिक व्हायला येणाऱ्यांसाठी बीएसएफ१८६ हा फॉर्म आहे. पहिल्यांदा उतरतानाच तो द्यायचा, आणि काही सामान मागाहून येणार असेल तर तेही त्याच वेळी लिहायचं. येण्याआधी वापरात असलेल्या वस्तूंनाच सवलत मिळते, त्यामुळे जायच्या आठवड्यात नवीन मॉनिटर घेऊन सील न फोडता नेऊ नका.

प्रश्न : आम्ही जुलैत ऐरोलीहून स्टुटगार्टला जातोय. घरसामान न्हावा शेवाहून कंटेनरने जाणार आहे. कॉम्प्युटर त्यातच टाकला तर चालेल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : चालेल. जहाजाच्या सामानात कॅबिनेटही परवडतं, कारण हिशेब घनमीटरवर असतो. पण कार्ड, टॉवर कूलर आणि काचेची बाजू काढून वेगळी पॅक करा, आणि डेटाच्या डिस्क हातातच न्या.

तुमचा शत्रू दमटपणा आहे. जुलैत बांधलेल्या खोक्यात पावसाळी हवा आणि ओलावा शोषलेला पुठ्ठा दोन्ही बंद होतात. वाटेत कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि छताला पाण्याचे थेंब धरून ते खाली सामानावर गळतात. एसी दोनेक तास चालवलेल्या खोलीत पॅकिंग करा. कॅबिनेट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या चार पुड्या टाका आणि तोंड टेपने पूर्ण बंद करा. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ती पुडी निकामी, आधी आतले दाणे मंद आचेवर कढईत परतून पुन्हा निळे करून घ्या (ती कढई स्वयंपाकाला वापरू नका). पॅकर्सना सांगून हा खोका खाली किंवा वर न ठेवता मध्यभागी रचून घ्या.

थंडीत सामान पोहोचलं तर पिशवी लगेच फोडू नका. गार पत्र्यावर उबदार खोलीतली वाफ जमते. एक दिवस तसंच ठेवा, मग उघडा.

जर्मनीत व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, फक्त पिना वेगळ्या. दोन पिनांचा पातळ प्रवासी अडॅप्टर लावू नका. त्यात अर्थिंग जोडलं जात नाही आणि एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथली कॉर्ड घ्या. वापरलेल्या घरसामानावर कस्टम माफ होण्यासाठी वस्तू किमान ६ महिने तुमच्या वापरात हवी, युरोपीय संघाबाहेर तुमचं किमान १२ महिने वास्तव्य हवं आणि पुढचे १२ महिने ती विकता किंवा उसनी देता येत नाही.

प्रश्न : यूपीएस आणि विंडोज यांचं काय करायचं?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : यूपीएस नेऊ नका. आतली लेड-अॅसिड बॅटरी जड असते आणि विमान कंपन्या त्यावर अडतात. बाकी विंडोजवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर निघण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा. बोर्ड बदलावा लागला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की तोच आकडा मागितला जातो आणि तो नसेल तर डेटा परत मिळत नाही.