ब्लायटी: टॉमीच्या तोंडची आपली विलायत

एका वाचकाने विचारलं आहे: पहिल्या महायुद्धावरच्या एका कथेत खंदकातल्या इंग्रज सैनिकाच्या पायाला गोळी लागते आणि तो चक्क आनंदाने म्हणतो, ‘मला ब्लायटी मिळाली!’ पुढे तोच सैनिक इंग्लंडलाही ब्लायटी म्हणतो. इंग्रजीत ‘ब्लाइट’ म्हणजे तर पिकावरचा करपा. स्वतःच्या देशाला असं नाव कोण ठेवील?

करप्याचा इथे काडीचाही संबंध नाही. ब्लायटी म्हणजे आपलं ‘विलायती’. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

विलायत मुळात अरबी. व-ल-य हा त्याचा धातू. जवळ असणं, सांभाळ करणं, कारभार हाती असणं असा त्याच्या अर्थाचा पसारा. त्यातून ‘वली’ निघाला. वलीचं अनेकवचन औलिया, आणि मराठीत आपण एकट्या माणसालाच ‘अवलिया’ म्हणतो. ‘त्या पोरांना कुणी वाली उरला नाही’ यातला वालीही याच घरातला. रामायणातल्या वानरराजाशी त्याचं नातं नाही. तर अशा कारभाऱ्याच्या हाताखालचा मुलूख म्हणजे विलायत. अफगाणिस्तानात प्रांताला आजही विलायतच म्हणतात.

मग प्रांताचा परदेश कसा झाला? अफगाण लोक आपल्याच देशाला नुसतं ‘विलायत’ म्हणत. हिंदुस्थानात मात्र तो शब्द लांबच्या मुलखाचा झाला आणि पुढे युरोपासाठी, त्यातही इंग्लंडसाठी रुळला. 1766 मध्ये इंग्लंडला पोचलेले बंगालचे मिर्झा इतिसामुद्दीन यांनी परत आल्यावर फारसीत प्रवासवर्णन लिहिलं, त्याच्या नावातच इंग्लंडसाठी विलायत हा शब्द आहे. म्हणजे गोऱ्या सैनिकाने उचलण्याच्या कितीतरी आधी तो आपल्याकडे पक्का झाला होता.

विशेषणाची मजा आणखी वेगळी. आजीच्या परसात विलायती चिंचेचं झाड होतं. वळलेले, गुलाबी झाक असलेले आकडे, आत पांढरा तुरट-गोड गर आणि काळी चकचकीत बी. ते झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, इंग्लंडच्या थंडीत ते जगायचंही नाही. पण आजीच्या लेखी विलायती म्हणजे ‘आपल्या इकडचं नव्हे ते’. उत्तरेतही असंच चाले. यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली अँग्लो-इंडियन बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश काढला. त्यात बिलायती बैंगन म्हणजे टोमॅटो आणि बिलायती पानी म्हणजे सोडावॉटर अशा नोंदी आहेत. ‘विलायत’ हे रूप मुंबईकडे चालतं, असंही त्यांनी आवर्जून नोंदवलं आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही शेवटची नोंद. मराठी जिथे ‘व’ टिकवते तिथे हिंदी पुष्कळदा ‘ब’ करते. आपला वाघ तिकडे बाघ, विंचू बिच्छू, वीस बीस, वड बड, वीज बिजली. बाहेरून आलेल्या शब्दालाही ही सवय सोडत नाही, म्हणून आपली विलायत उत्तरेकडे आणि बंगालकडे बिलायत, बिलात होते. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ आहे, त्यावरून तो कोणत्या बाजूच्या माणसांकडून उचलला गेला ते कळतं. आपल्या मुंबई-पुण्याकडच्या ‘विलायती’वरून ब्लायटी झाली नसती.

पुढचं काम इंग्रज जिभेने केलं. बिलायती म्हणताना पहिल्या ‘बि’वर जोर नाही, म्हणून तिथला स्वर गळाला आणि ‘ब्ल’ असं जोडाक्षर झालं. मधलं ‘लाय’ टिकलं, आपल्या दंत्य ‘त’च्या जागी त्यांचा ट आला. स्पेलिंग मात्र ‘माइटी’ या शब्दासारखं केलं, मध्ये न उच्चारायचे जी आणि एच घालून. त्यामुळे शब्द अस्सल इंग्रजी दिसू लागला आणि करप्याची शंका यायला वाट मिळाली. विशेषणाचं नाम झालं, तेही साहजिक आहे. बराकीभोवतीच्या माणसांकडून टॉमी, म्हणजे साधा गोरा शिपाई, दिवसभर ‘बिलायती अमुक, बिलायती तमुक’ ऐकत असणार.

या शब्दाचा एक धागा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतूनही जातो. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी देवळालीच्या छावणीत थांबत. सैन्याची जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत मध्येच संपे त्याला महिनोन्‌महिने रिकामं बसावं लागे. उन्हात, कंटाळ्यात काहींची डोकी फिरत. त्या अवस्थेला सैनिकांनी ‘डुलॅली टॅप’ म्हटलं. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. आजही डोकं फिरलेल्याला इंग्रजीत डुलॅली म्हणतात. ज्या ब्लायटीच्या ओढीने ते झुरत, तिचं नाव आपल्याकडचं, आणि झुरण्याचं नावही आपल्याकडचंच.

1914 नंतर हा शब्द फ्रान्सच्या खंदकांत पोचला आणि घरोघरी झाला. जीव जाणार नाही पण लढताही येणार नाही, उपचारासाठी मायदेशी पाठवावंच लागेल, अशी जखम म्हणजे ‘ब्लायटी’. तुमच्या कथेतला सैनिक हसतो तो यासाठी. तो शूर नाही असं समजू नका. त्या चिखलात दिवस काढणाऱ्याला पायातली गोळी ही सुटका वाटली, तर त्यात नवल नाही.

त्याच युद्धात हिंदुस्थानी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढत होती. तिच्यात 103वी आणि 110वी मराठा पलटण आणि त्यांच्या जोडीला गोऱ्या पलटणी. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ही सगळी माणसं अडकली, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. ज्या मुलखात ते लढत होते त्याचे बसरा, बगदाद, मोसुल हे तुर्की प्रांत, आणि तुर्कांचा प्रांताला शब्द काय, तर ‘विलायेत’! एका विलायतेत उपाशी बसून गोरा शिपाई दुसऱ्या विलायतेची आठवण काढत होता.

वापराबद्दल एक सांगायला हवं. घरी बसलेला इंग्रज आपल्या देशाला सहसा ब्लायटी म्हणत नाही. परदेशात राहणारा, परतीच्या वाटेवरचा, घरची आठवण येणारा म्हणतो. विलायत हा पहिल्यापासून दूर उभं राहून उच्चारायचा शब्द आहे. टॉमीने तो आपल्याकडून घेतला तेव्हा ते अंतरही त्याच्याबरोबर घेतलं.

कथेचा अनुवाद करायचा झाला तर देशाच्या अर्थी मी बेधडक ‘विलायत’ लिहीन. जखमेच्या त्या वाक्याला मात्र ते पुरणार नाही, ‘मला विलायत मिळाली’ म्हणजे कुणी राज्य जिंकल्यासारखं वाटेल. तिथे ‘मला विलायतेचं तिकीट मिळालं’ असं म्हणावं.